पातळ तेल

माझ्या बाबांना गाडीचं तेल बोटांनी कळायचं. डब्याचं झाकण उघडलं की ते चार थेंब अंगठ्यावर घ्यायचे, त्यावर तर्जनी टेकवायचे, डोळे मिटायचे आणि दोन्ही बोटं सावकाश एकमेकांवर फिरवायचे. डोळे मिटल्याशिवाय त्यांचा निकाल लागत नसे. मग "चालते" म्हणायचे, नाहीतर "फेक" म्हणायचे. मधला तिसरा शब्द त्यांच्याकडे नव्हता.

बावीस वर्षं त्यांनी कामठी ते नागपूर शेअर ऑटो चालवला. डिझेलचा, काळा धूर सोडणारा, आत बसलेल्याचे दात वाजवणारा ऑटो. स्टँडवरचे बाकीचे ऑटोवाले नवा डबा घेतला की आधी बाबांकडे आणायचे. एकाने एकदा आणला नाही. स्वस्तात मिळालं म्हणून कुठल्याशा टपरीवरून घेतलेलं तेल त्याने ओतलं, आणि आधी ओतून मग बाबांना दाखवलं. बाबा म्हणाले, "फेक." तो हसला. महिनाभरात त्याचं इंजिन बसलं. जळकं तेल गाळून, डब्यात भरून कोणीतरी विकलेलं होतं. तेव्हापासून स्टँडवर बाबांच्या बोटांचा शब्द म्हणजे कोर्टाचा शब्द झाला, आणि आमच्या घरी त्याचा जरा अतिरेकच झाला.

ही बोटं मुळात तेलाची नव्हती, सुताची होती. आम्ही नागपूरचे विणकर. आजोबांचा हातमाग होता, त्यावर बाबा बारा वर्षांचे असल्यापासून बसले. साठ नंबरचं सूत आणि ऐंशी नंबरचं सूत यातला फरक तुम्हाला-मला डोळ्यांनीही दिसणार नाही. बाबा तो डोळे मिटून सांगायचे. सुताचे व्यापारी त्यांना बोलावून न्यायचे, म्हणे. पुढे हातमाग बंद पडला, आम्ही कामठीला आलो, बाबा पॉवरलूमवर लागले. तिथे धागा यंत्र धरतं, माणूस फक्त तुटला की गाठ मारतो. चार वर्षांत ते कंटाळले आणि ऑटो घेतला. "माग गेला, बोटं रायले," असं ते म्हणायचे. आई चिडवायची, "बोटं नाई वं हे, थर्मामीटर हाय. ताप आला तं मीबी यायलेच हात लावाले सांगतो."

आईने आयुष्यभर कांड्या भरल्या. धोट्यात सुताची जी छोटी नळी बसते ती कांडी. बाबा विणायचे आणि आई चरख्यावर बसून त्यांना कांड्या पुरवायची. माग बंद व्हायच्या आधी बाबांनी शेवटच्या ताण्यावर तिच्यासाठी एक हिरवं लुगडं विणलं, ऐंशी नंबरच्या बारीक सुताचं. ते तिने दोनदाच नेसलं. मग पेटीत, डांबराच्या गोळ्यांत. बाबा वर्षा-दोन वर्षांतून एकदा विचारायचे, "हाय ना वं ते?" आणि आई म्हणायची, "कुठं जाते?"

मग आईच्या किडन्या गेल्या. याबद्दल जास्त लिहिण्यासारखं नाही. ज्यांच्या घरात गेल्या आहेत त्यांना माहीत आहे, बाकीच्यांना न कळलेलंच बरं. आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शुक्रवारी, धंतोलीतल्या एका दवाखान्यात डायलिसिस. पाणी दिवसाला पाऊण लिटर, त्यात चहा आला, वरणाचं पाणी आलं. मी एका बाटलीवर पेनाने रेघा मारून दिल्या होत्या. आई एकेक रेघ पाहून प्यायची. नागपूरच्या उन्हाळ्यात. मला तिच्यासमोर पाणी प्यायची लाज वाटायची, मी मोरीत जाऊन प्यायचे.

सुरुवातीला आम्ही बाबांच्या ऑटोतून जायचो. परत येताना आईला उलट्या व्हायच्या. त्यातच ऑटोची मुदत संपली आणि तो भंगारात गेला. मी तेव्हा सासरहून कायमची परत आलेली होते. हातात थोडं सोनं होतं आणि डोक्यात भरपूर राग. सोनं मोडून आणि कर्ज काढून मी सात सीटची डिझेल गाडी घेतली. मंगळवार-शुक्रवार आईला न्यायचं, बाकीच्या दिवशी कामठीतल्या दुसऱ्या पेशंटना. गाडी चालवायला बाबांनीच शिकवलं होतं, ऑटोवर. बाई ड्रायव्हर म्हणून लोक आधी बिचकले. मग त्यांच्या लक्षात आलं की मी वेळेवर येते आणि रस्त्यात पान खायला थांबत नाही.

गाडी आली तेव्हा आईने पूजा केली. बोनेटला स्वस्तिक, चाकांखाली लिंबं, आणि गाडीसोबत आलेल्या जाडजूड पुस्तकालाही हळदकुंकू. मग ते पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीतून न काढता लोखंडी कपाटात गेलं, घराच्या कागदांशेजारी. आमच्याकडे सगळ्यांचीच गाडीची पुस्तकं अशी कपाटात असतात. त्यांना नमस्कार करतात, वाचत नाहीत.

मी वाचलं. दवाखान्यात चार तास बसून करायचं काय? एक दिवस पुस्तक सोबत नेलं आणि पहिल्या पानापासून वाचत सुटले. मागच्या पानांत तेलाचा तक्ता होता. त्यात दोन गोष्टी दिल्या होत्या. एक, तेलाची जाडी, म्हणजे डब्यावर मोठ्या अक्षरांत असतात ते आकडे. ते सगळ्यांना माहीत असतात. दुसरी, त्या आकड्यांखाली बारीक अक्षरांत एक खूण. तेल कोणत्या परीक्षेत पास झालंय त्याची ती खूण. तिच्याकडे कोणी ढुंकून पाहत नाही. पुस्तकात चौकट आखून लिहिलं होतं की या खुणेचंच तेल टाका, दुसऱ्या तेलाने धूर गाळणारी जाळी बुजून जाईल आणि इंजिनचं नुकसान होईल.

मी हे वाचलं होतं. हे मला आधीच सांगून टाकायचं आहे, म्हणजे पुढे कोणी माझी कीव करू नये.

पहिल्या फुकटच्या सर्व्हिसिंग कंपनीच्या वर्कशॉपमध्ये झाल्या. त्यानंतर बाबा म्हणाले, तेल मी बदलतो, तिकडे कशाला जायचं? ऑटो गेल्यापासून ते अंगणात नुसते खुर्चीवर बसून असायचे. मला वाटलं, बरं होईल. मी नागपुरात जाऊन तेल आणलं. दुकानदाराला ती खूण दाखवली तर त्याने चष्मा लावला, आतून जाऊन धूळ बसलेला डबा आणला आणि म्हणाला, "ताई, लोक इथं गाडीचं नाव सांगते नाहीतर किंमत इचारते. खूण इचारनाऱ्या तुमी पयल्याच." मला स्वतःचा फार अभिमान वाटला होता.

घरी अंगणात बाबांनी डबा उघडला. चार थेंब अंगठ्यावर घेतले. डोळे मिटले. बोटं फिरवली, पुन्हा फिरवली. पुन्हा थोडं तेल घेतलं. एवढा वेळ त्यांना कधी लागत नसे.

"हे तेल नाई," ते म्हणाले. "हे पानी हाय."

"बाबा, ते पातळच असते. पुस्तकात लिहून हाय."

"पुस्तकवाल्यानं नागपूरचा मे मईना पाहून हाय का? सत्तेचाळीसवर जाते पारा. हे पानी टाकून इंजिन जाळतं का पोरी? फसवलं तुले त्यानं."

"त्यावर खूण हाय बाबा, कंपनीची."

"मी खूण पाहू का हात लावू?" त्यांनी हात माझ्यापुढे धरला. अंगठा आणि तर्जनी, तेलाने चमकत असलेली. "सांग."

आई दारात बसून पाहत होती. तिने माझ्याकडे पाहून मान जराशी हलवली. राहू दे, असं. मी त्या हाताकडे पाहिलं. माग गेला होता, ऑटो गेला होता, घर आता माझ्या गाडीवर चालत होतं, भाजी आणायचे पैसेही ते माझ्याकडे मागायचे. त्यांच्याकडे ठरवायला एवढंच उरलं होतं. आणि खरं सांगायचं तर मलाही वाटलं की या बोटांनी आजवर कधी चूक केली नाही. पुस्तकातली वांगी पुस्तकात.

"हो," मी म्हणाले. "तुमी म्हनता तसं."

त्यांनी जाऊन ऑटोत टाकायचे तेच तेल आणलं. दाट, मधासारखं. अंगठ्यावर घेतलं, डोळे मिटले, आणि लगेच म्हणाले, "चालते." मी आणलेला डबा झाकण लावून कपाटाखाली सरकवला. पुढची दोन वर्षं दर पाच हजार किलोमीटरला बाबा हे दाट तेल बदलत राहिले, शर्ट काढून, गाडीखाली गोणपाट अंथरून. त्या दिवशी ते दोन पोळ्या जास्त खायचे.

आईने मात्र गाडीला आपल्या परीने सोयीचं केलं. सीटचं कव्हर रेग्झीनचं होतं, उन्हाने तापून पाठ भाजायची. एक दिवस मी आत आले तर ती पेटी उघडून बसली होती आणि मांडीवर ते हिरवं लुगडं. कात्रीने कापून तिने त्याच्या घड्या केल्या होत्या आणि मोठ्या टाक्यांनी गोधडी शिवत होती, सीटवर टाकायला.

"आई, हे तं बाबाचं..."

"मी मेल्यावर नेसवता का? जितेपनी पाठीले लागू दे." मग दोरा दातांनी तोडत म्हणाली, "सांगू नोको त्याले." तिने त्यावर जुन्या चादरीची खोळ चढवली. बाबा कितीदा त्या सीटवर हात टेकून बसले, त्यांना कळलं नाही. खोळीवरूनही सूत ओळखणारी बोटं ती, मला त्याचं तेव्हा आश्चर्य वाटायला हवं होतं.

दुसऱ्या उन्हाळ्यात गाडीच्या काट्यांमध्ये एक पिवळा दिवा लागला. आमच्या गल्लीतल्या मिस्त्रीने त्याचं मशीन लावलं, दिवा विझवला आणि म्हणाला, आजकालच्या गाड्यांचे नखरे आहेत. दहा दिवसांनी पुन्हा लागला. पुन्हा विझवला. कोणी म्हणालं हायवेवर जोरात पळवा, जाळीतली काजळी जळून जाते. मी कन्हानच्या पुढपर्यंत पळवून आणली. दोन दिवस बरी चालली. बाबांनी तेल तपासलं, दोन बोटांत फिरवलं आणि म्हणाले तेल फस्क्लास आहे, डिझेलात भेसळ असेल. मी मान डोलावली. वर्कशॉपला दोन दिवस गाडी ठेवावी लागेल म्हणत होते, आणि मंगळवार-शुक्रवारच्या मध्ये दोनच दिवस असतात, त्यात दुसरे पेशंट. पुढच्या आठवड्यात नेऊ, असं मी तीन आठवडे म्हणत होते.

मेच्या शेवटच्या आठवड्यातला मंगळवार होता. आईचा नंबर दुपारी एकचा. आम्ही साडेअकराला निघालो, मी, आई आणि बाबा. कामठी रोडवर गाडी रडायला लागली. चाळीसच्या वर जाईना. मग तीस. मागून ट्रक भोंगे वाजवत होते. मग एका झटक्यात बंद पडली, आणि पुन्हा सुरू झालीच नाही. मी किल्ली फिरवतेय आणि आतून नुसता खरखर आवाज. एसी बंद. सावली म्हणाल तर मेट्रोच्या खांबाची, ती रस्त्याच्या पलीकडे.

मेट्रोचं स्टेशन पुढे दीड-दोन किलोमीटरवर होतं. आईला दहा पावलं चालवत नव्हतं. मी रस्त्यात उतरून ऑटो थांबवायला लागले. शेअर ऑटो भरलेले. मोबाईलवरून बोलावलेली गाडी दहा मिनिटं येतो येतो म्हणाली आणि रद्द झाली. मी मागे वळून पाहिलं तेव्हा बाबांनी बोनेट उघडलेलं होतं. त्यांनी तेल मोजायची पट्टी उपसली होती आणि भर उन्हात, ट्रक अंगावरून जात असताना, ते डोळे मिटून बोटांत तेल फिरवत होते.

"तेल तं बराबर हाय वं," त्यांनी मला ओरडून सांगितलं.

मला शिव्या येतात. ऑटोस्टँडवर वाढलेली आहे मी. त्या दिवशी एकही आठवली नाही.

दीड तासाने एक ऑटो मिळाला. मी धावत गाडीकडे आले, दार उघडलं. आई त्या गोधडीवर टेकून बसली होती, चेहरा लालबुंद, आणि तिच्या मांडीवर माझी पाण्याची बाटली होती. रेघांची नव्हे, माझी. लिटरची. रिकामी.

"आई! सगळं पेली तू?"

"हो," ती म्हणाली. तिचे डोळे मिटत होते आणि ओठ ओले होते. "पोटभर पेली वं. तीन वर्सांत पयल्यांदा."

मी तिच्यावर ओरडले. काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. भर रस्त्यात, त्या ऑटोवाल्यासमोर. तिने पदराने तोंड पुसलं, आणि बाबांच्या खांद्यावर हात टाकून ऑटोत बसली. एवढंच म्हणाली, "काहून चिल्लावते? आता मशीन काढूनच घेईल ना पानी."

पण मशीन मिळालं नाही. आम्ही पोहोचलो तेव्हा अडीच वाजले होते. एकच्या मशीनवर पुढचा पेशंट लावलेला होता. संध्याकाळपर्यंत थांबा, कोणी आलं नाही तर पाहू, म्हणाले. सगळे आले. उद्या सकाळी सातला या, सगळ्यांत आधी घेतो, असं म्हणाले. मी भांडले. तिथला माणूस वाईट नव्हता, त्याने मला आत नेऊन मशीन दाखवली, प्रत्येक मशीनला माणूस लावलेला. कोणाला काढू, असं त्याने विचारलं. मी कोणाकडे बोट दाखवणार होते?

पहाटे आईला श्वास घेता येईना. पाणी फुप्फुसात गेलं होतं. सातच्या ऐवजी साडेपाचला आम्ही दवाखान्यात होतो, शेजाऱ्याच्या गाडीतून, पण डायलिसिसच्या खोलीत नाही, आयसीयूत.

तिसऱ्या दिवशी वर्कशॉपमधून फोन आला. गाडी त्यांनी ओढून नेली होती. आईला भेटायची वेळ संध्याकाळची होती, म्हणून मी गेले. तिथल्या माणसाने सायलेन्सरच्या नळीतली जाळी काढून टेबलावर ठेवली होती. पांढरट राखेने भरलेली, भट्टीतल्या विटेसारखी.

"तेल कोनतं टाकून राहिले ताई?"

मी सांगितलं.

"हे तं जुन्या ऑटोचं तेल हाय. या गाडीले राख कमी करनारं तेल लागते. काजळी जळून जाते, राख जळत नाई. ती बसतच जाते. धूर निघाले जागा नाई रायली, मंग गाडी घुसमटली." त्याने मान हलवली. "पुस्तकात लिहून असते, पन कोन वाचते?"

मी म्हणाले, "हो."

दवाखान्यात परत आले तेव्हा बाबा बाकावर बसले होते. हात मांडीवर उताणे. "काय निघालं गाडीत?" त्यांनी विचारलं. आणि मी तीन दिवस जे गिळून बसले होते ते सगळं माझ्या तोंडून बाहेर आलं. मी म्हणाले, तुमचं तेल निघालं. म्हणाले, मी पुस्तकात वाचून, खूण पाहून तेल आणलं होतं, तुम्ही त्याला पाणी म्हणालात. म्हणाले, आई आत पडून हाय ते तुमच्या बोटाइनं. आजूबाजूचे पेशंटचे नातेवाईक बघत होते. उजवा हात उचलून बाबांनी अंगठ्याकडे पाहिलं, मग तो हात दुसऱ्या हाताने झाकून घेतला.

आपलेच दात आणि आपलेच ओठ. बोलून झाल्यावर मला बरं वाटलं, हे मी कबूल करते. अर्धा तास बरं वाटलं.

मग बाबांना घेरी आली. दोन दिवस त्यांच्या पोटात धड अन्न नव्हतं. नर्सने त्यांना खाटेवर निजवलं, बीपी घेतलं आणि साखर तपासायला बोट पुढे करायला सांगितलं. त्यांनी तर्जनी पुढे केली, तीच, आणि सुईकडे पाहायचं नाही म्हणून मान भिंतीकडे फिरवली. तिने टोचलं. रक्ताचा थेंब आला, तिने तो पट्टीवर घेतला, कापसाने बोट दाबलं. सगळं झालं. बाबा अजून भिंतीकडेच पाहत होते. थोड्या वेळाने म्हणाले, "टोचा ना बाई. कवा टोचता?"

नर्स माझ्याकडे पाहायला लागली. मग तिने सुईचं टोक दुसऱ्या बोटाला लावलं, अंगठ्याला लावलं, तळहाताला लावलं. मनगटाशी आल्यावर बाबा म्हणाले, "हां." साखर साडेचारशेच्या वर निघाली. डॉक्टर म्हणाले, बरीच वर्षं असणार, बोटांच्या नसा गेल्यात, पातळ-मऊ काही यांना कळत नसेल, जाड-खरबरीत तेवढं थोडं लागत असेल. यांना भाजलेलं कळतं का हो घरी?

मला अंगणातला तो दिवस आठवला. चार थेंब. पुन्हा थोडं तेल. एवढा वेळ. त्यांच्या बोटांना त्या तेलात काहीच लागलं नव्हतं, आणि पन्नास वर्षांत ज्या बोटांनी दगा दिला नाही त्यांच्यावर संशय घ्यायचं त्यांच्या मनातही आलं नाही. बोटं चुकत नाहीत, तर तेलच पाणी असणार. आम्हा विणकरांच्या घरात याहून वेगळा हिशोब कोणाला सुचला असता? मला सुचायला हवा होता. मी वाचलेलं होतं आणि माझे डोळे शाबूत होते. त्यांच्याजवळ तेवढंच उरलंय म्हणून मी हो म्हणाले, आणि त्यांच्याजवळ तेही उरलेलं नव्हतं.

मी त्यांची माफी मागितली नाही. जाऊन शेजारी बसले. ते म्हणाले, "तुयी माय कशी हाय?" मी म्हणाले, तशीच आहे.

पाचव्या दिवशी सकाळी आई गेली. पाणी प्यायली नसती तरी गेली असती का, असं मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, अशा पेशंटचं काही सांगता येत नाही. दयाळू माणूस होता.

नवऱ्याआधी गेलेली बाई हिरव्या साडीत जाते. घरी आणल्यावर बायका आईला न्हाऊ घालत होत्या, तेव्हा बाबा उठून माझ्याजवळ आले आणि म्हणाले, "पेटीतलं लुगडं काढ. माह्या मागावरचं."

ते लुगडं वर्कशॉपमध्ये होतं. गोधडी होऊन, जुन्या चादरीच्या खोळीत, बंद गाडीच्या मधल्या सीटवर, आईच्या पाठीचा घाम जिरवून. मी त्यांना नुसतं "बरं" म्हटलं आणि आत गेले. उमरेडहून मामी आली होती, तिने माहेरची म्हणून रस्त्यातल्या दुकानातून हिरवी साडी आणली होती. तीच नेसवली.

आईला अंगणात ठेवलं. बाबा खाली बसले. त्यांनी तिच्या खांद्यावरून पदर ओढून घेतला, अंगठा आणि तर्जनीत धरला आणि डोळे मिटले. बोटं सावकाश फिरवायला लागले. अंगणातली सगळी माणसं पाहायला लागली, स्टँडवरचे जुने ऑटोवालेही होते त्यांत. सगळ्यांना ती बोटं माहीत होती.

बराच वेळ लागला. तेलाच्या वेळी लागला होता तेवढाच.

"ऐंशी नंबर," बाबा म्हणाले. डोळे उघडले नाहीत. "माह्यंच हाय ना वं पोरी?"

पॉलिस्टरची साडी होती. हातात धरली की घसरत होती, आणि दुकानाचं किमतीचं लेबल निऱ्यांजवळ तसंच टाचलेलं राहिलं होतं.

"हो बाबा," मी म्हणाले, "तुमचंच हाय." आणि वाकून ते लेबल तोडलं आणि मुठीत धरलं.